लाटांचे पाढे

ब्रेमरहाफेन, फेब्रुवारी. चार-साडेचारलाच
धक्क्यावरचे दिवे लागतात.
जुन्या बर्फगोदामाच्या माळ्यावर
वीबके त्यार्क्सच्या टेबलावर
एक काळी पेटी पालथी पडली आहे,
तिचे चौदा स्क्रू एका बशीत.

हातभर रुंद, चार बोटं जाड.
पुढे एक लाल चकती, दोन ओळींचा हिरवट पडदा.
पट्ट्या नाहीत, काळी-पांढरी एकही नाही.
वाजवायचं तर दुसऱ्याच्या पट्ट्या उसन्या आणा,
केबल जोडा, मग हा तोंड उघडणार,
घरजावई उघडतो तसं.

गेशेने ती मासळीच्या क्रेटमधून आणली,
भावाच्या स्वेटरात गुंडाळून.
"तामो ऑक्टोबरात गेला.
बाकीचं सामान लोकांनी एका दुपारी नेलं.
ह्यात त्याचे चौसष्ट आवाज आहेत म्हणतात."
म्हणतात. तिने स्वतः कधी ऐकले नव्हते;
तळघरातून यायचं ते तिला
बिघडलेल्या पंपासारखं वाटायचं,
आणि एकदा तर तिने प्लंबर बोलावला होता.

वीबके पूर्वी जहाजांची खोलीमापकं दुरुस्त करायची.
पाण्यात एक टक् सोडायचं,
तळाहून ते परत येण्याची वाट पाहायची.
अजूनही तशीच बोलते. मध्ये वेळ जातो.
"दोन पूर्णांक एक व्होल्ट,"
ती मीटर बघून म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने,
"बॅटरी काढली की आवाज गेले.
लाटा नाही जाणार. लाटा चिपमध्ये कोरलेल्या आहेत."

साठ-साठ लाटांचे तीस पाढे.
पहिली लाट साधी, धुतलेल्या काचेसारखी,
विसावी नाकात बोलते,
पंचेचाळिसावी पत्रा फाडते.
यंत्र ते पाढे म्हणत जातं,
कधी सरळ, कधी उलट,
कधी सत्ताविसावर अडखळून पुन्हा पहिल्यापासून,
छडीच्या भीतीने म्हणावेत तसं.
पाढे सगळ्यांना तेच.
कुठे थांबायचं, कुठून मागे फिरायचं,
कोणत्या दोन लाटांच्या मधल्या फटीत
उगाच रेंगाळायचं,
एवढंच तामोचं.
आणि ते त्या नाण्याएवढ्या बॅटरीवर तगलेलं.

वीबकेने आधी बाजूने दोन तारा लावल्या,
दुसरी बॅटरी, तात्पुरती,
वारस ठरेपर्यंत गादी सांभाळणाऱ्यासारखी.
मग कथील वितळवलं. धूर सरळ वर गेला.
भिंतीवर ह्या महिन्याचा भरती-ओहोटीचा तक्ता;
गेशे तोच वाचत राहिली,
सहा वाजून अकरा, पाणी उतरणार,
सहा वाजून अकरा,
म्हणजे टेबलाकडे बघायला नको.

पडदा उजळला.
वीबकेने चकती एकेक घर फिरवली.
नावांना आठच अक्षरांची जागा, तामोनेही काटकसर केलेली:
दात. ओला टायर. नको. ओहोटी ३.
फ्रिज. आजोबा झोपेत.
गेशे २.

"गेशे १ कुठाय?"
चौसष्ट घरं दोनदा शोधली. नव्हती.
"त्याच्यावर दुसरं काही लिहिलं असेल," वीबके म्हणाली.
टक्. तळ.
"फ्रिज, बहुतेक."

गेशे हसली, मग हसणं थांबेना, मग ती बसली.
कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर
तिने एक बोट ठेवलं, जरा जास्तच जोरात.
सुरुवातीला काहीच नाही.
मग खालून काहीतरी खरखरत चढू लागलं,
नाकातून, पत्र्यातून,
चिडकं, कुणाला दार उघडायला लावणारं,
आणि अगदी वर पोचल्यावर
कारण नसताना मऊ झालं.
बोट उचललं तरी थोडा वेळ तिथेच राहिलं.

"हा मी प्लंबर बोलावला त्या दिवशीचा," ती म्हणाली.
वीबके काही म्हणाली नाही.

पंचेचाळीस युरो, बॅटरीसकट.
झाकण लावण्यापूर्वी वीबकेने आतून
कागदी चिकटपट्टीवर आजची तारीख लिहिली,
पुढच्याला कळावं म्हणून.
"वीस वर्षं निघतील. पंचवीससुद्धा."
गेशेने मनातल्या मनात बेरीज केली,
स्वेटर काढून स्वतःच्या अंगात घातला,
आणि पेटी तशीच, उघडी, काखेत मारून
जिना उतरली.
एक स्क्रू बशीत राहिला.